ऐकू येणाऱ्यांचे गाव

मराठवाड्यातल्या कोणत्याही मोठ्या गावाप्रमाणे चारठाण्यातही एखादी गोष्ट गावभर होते ती कानावाटे. नळाला पाणी कधी येणार, रेशनचा माल आला का, लसीकरण कुठल्या दिवशी, सप्त्याला कीर्तन कोणाचे, कोणाच्या घरी मयत झाली, हे सगळे आधी ऐकले जाते. लिहिले गेलेच तर नंतर, पंचायतीच्या दारावरच्या एखाद्या कागदावर. परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातले हे गाव बाहेरच्या लोकांना ठाऊक आहे ते जुन्या देवळांमुळे, कोरीव दगडी स्तंभामुळे, बारवेमुळे. अभ्यासक येतात, छायाचित्रे काढतात, शिल्पांविषयी लिहितात. गावाचा वारसा असा डोळ्यांनी पाहायचा असला तरी गावाचा रोजचा व्यवहार मात्र ऐकण्या-बोलण्यावर चालतो. ज्याला ऐकू येत नाही तो त्या व्यवहारातून अलगद गळून पडतो आणि ते कोणाच्या ध्यानातही येत नाही. कुबडी दिसते, पांढरी काठी दिसते. ऐकू न येणारा माणूस पारावर इतरांसारखाच बसलेला असतो, इतर हसले की हसतो, मान हलवली की मान हलवतो.

3 मार्चला जागतिक श्रवण दिन असतो, सप्टेंबरच्या अखेरीस बधिरांचा सप्ताह, 3 डिसेंबरला दिव्यांग दिन. फेऱ्या निघतात, भाषणे होतात. त्या भाषणांचा रोख बहुतेक वेळा बहिऱ्यांकडे असतो: त्यांना काय येत नाही, त्यांनी कसे खचू नये, आपण त्यांच्याशी कसे प्रेमाने वागावे. माझे म्हणणे असे आहे की जागे व्हायचे आहे ते ऐकू येणाऱ्यांनी, आणि त्या जागेपणाची कसोटी एकच असावी. गावाची सांगण्याची रीत बदलली का? दया वाढून भागणार नाही. चारठाण्यातल्या माणसांत दयेची कमतरता आहे असे मला मुळीच वाटत नाही.

जगात सुमारे 43 कोटी माणसांना उपचाराची किंवा पुनर्वसनाची गरज भासावी इतके कमी ऐकू येते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारताच्या 2011च्या जनगणनेत असे लोक 50 लाखांहून थोडे जास्त भरले. महाराष्ट्रात पावणेपाच लाखांच्या आसपास. हे आकडे मोठे असले तरी मला ते फार लहान वाटतात. त्याचे कारण मोजण्याच्या पद्धतीत आहे. दारात आलेल्या प्रगणकाला घरातला कर्ता उत्तर देतो, आणि आजोबांना कमी ऐकू येते हे त्याला सांगण्याजोगे अपंगत्व वाटतच नाही. कायद्याची रेघही उंचावर ओढलेली आहे. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांत 60 ते 70 डेसिबलपर्यंत श्रवणऱ्हास असला की माणूस 'ऐकू कमी येणारा' आणि 70च्या पुढे 'बधिर' ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेची रेघ त्यातल्या त्यात बऱ्या कानाला 35 डेसिबल इतकी खाली आहे. या दोन रेघांच्या मध्ये जी माणसे सापडतात त्यांना वर्गातल्या मागच्या बाकावरून शिक्षक नीट ऐकू येत नाहीत, बँकेच्या खिडकीपलीकडचे शब्द कळत नाहीत, पण त्यांच्याजवळ प्रमाणपत्र नसते, यंत्र नसते, सवलत नसते. शाळेत त्यांना 'लक्ष नाही' म्हणतात, घरात 'मुद्दाम करतो' म्हणतात. त्यातच बनावट प्रमाणपत्रांच्या बातम्या येतात. कानाचा दोष दिसत नसल्यामुळे संशय आधी त्याच्यावर येतो आणि खऱ्या माणसाला पुन्हा पुन्हा आपले न ऐकणे सिद्ध करत फिरावे लागते.

आपण ज्यांना सरसकट बहिरे म्हणतो त्यांत किमान तीन निरनिराळी माणसे आहेत आणि त्यांच्या गरजा एकमेकींशी जुळत नाहीत. म्हाताऱ्याची गोष्ट वेगळी, वाढलेल्या बधिर तरुणाची वेगळी. लेकराची गोष्ट सर्वांत तातडीची, म्हणून आधी तिच्याकडे वळतो.

“लेकरू उशिरा बोलंल, त्याचा मामाबी उशिराच बोलला.” गावोगावी ऐकू येणारे हे वाक्य मायेतून येते, पण त्या एका वाक्यात बाळाची दोन वर्षे जातात. शंका आलीच तर घरात मागे उभे राहून थाळी वाजवून पाहतात. बाळ वळते. कधी त्याला सावली दिसलेली असते, कधी जमिनीतून कंप जाणवलेला असतो, कधी जाड, मोठा आवाज खरोखरच थोडा ऐकू आलेला असतो. घर निश्चिंत होते. पण 'स', 'श', 'ख' यांसारख्या बारीक आवाजांवाचून शब्द कळत नाही, आणि थाळी त्याविषयी काहीच सांगत नाही. त्यासाठी ओएई नावाची तपासणी आहे. झोपलेल्या बाळाच्या कानात बारीक सूर सोडतात आणि आतल्या कानाकडून परत येणारा अगदी क्षीण प्रतिसाद यंत्र टिपते. काही मिनिटांचे काम. त्यात शंका राहिली तर बेरा करतात, ज्यात आवाज नसेवाटे मेंदूकडे पोचतो की नाही ते कळते. जगभरचा ठोकताळा सोपा आहे: पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाय सुरू. केरळने सरकारी प्रसूतिगृहांत नवजात बाळांची श्रवणतपासणी रुळवली. महाराष्ट्रही मागे असण्याचे कारण नव्हते. ज्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाची तपासणी येते, त्याची सुरुवात फेब्रुवारी 2013 मध्ये याच राज्यातल्या पालघरहून झाली. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यावीत अशी आखणी आहे. आखणी चांगलीच आहे. पण बाळ अंगणवाडीच्या पटावर येते तोवर सहा महिन्यांची मुदत कधीच उलटलेली असते. म्हणून पहिली चाळणी बाळंतपणाच्या खाटेजवळ लागायला हवी आणि दुसरी आशाताईंच्या गृहभेटीत.

एवढी घाई कशासाठी? कान काही पळून जात नाही. पण भाषा जाते. पहिल्या तीन-चार वर्षांत मेंदू भाषा घेण्यासाठी जितका मोकळा असतो तितका पुढे कधीच नसतो. त्या काळात मुलापर्यंत आवाजाची भाषाही पोचली नाही आणि हातांचीही नाही, तर ते मूल कुठल्याच भाषेविना वाढते. भूक, पाणी, झोप खुणांनी सांगता येते. 'काल', 'उद्या', 'का', 'जर पाऊस आला तर', 'बाबा कुठे गेले आणि कधी येतील' हे सांगता येत नाही आणि विचारताही येत नाही. मग ते मूल शाळेत जाते. फळ्यावरचे अक्षर वळणदार उतरवते. वही इतकी नेटकी की गुरुजी खूश होतात, वर्षामागून वर्ष ते पुढच्या वर्गात जाते आणि आठवीत पोचल्यावर उमगते की त्याने उतरवलेल्या एकाही ओळीचा अर्थ त्याला ठाऊक नव्हता. हे दुःख मला बहिरेपणाहून मोठे वाटते. बहिरेपण बहुतेक वेळा निसर्गाने दिलेले असते. भाषेवाचूनचे बालपण मात्र आपण, ऐकू येणाऱ्यांनी, उशीर करून दिलेले असते.

यावर लोक म्हणतात, आता कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायचे यंत्र, आहे ना. आहे, आणि ज्याला लाभते त्याचे आयुष्य बदलते. केंद्राच्या 'एडिप' योजनेतून 2014 पासून लहान मुलांना ते मोफत मिळू लागले. मुंबईच्या वांद्र्यातली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था ते काम पाहते. पण शस्त्रक्रियेला वयाची अट आहे, आणि ती योग्यच आहे, कारण उशिरा बसवलेल्या यंत्रातून आवाज आला तरी त्याचा अर्थ लागत नाही. शस्त्रक्रियेनंतर वर्ष-दोन वर्षे नियमित वाचा-श्रवण प्रशिक्षण लागते. चारठाण्याहून आधी जिंतूर, मग परभणी, मग आणखी पुढे कुठे तरी, दर आठवड्याला, रोजगार बुडवून. यंत्राची तार तुटली, बॅटरी संपली तर पुन्हा तोच रस्ता. साध्या श्रवणयंत्राचेही तेच. शिबिरात यंत्र मिळते, पण मुलाचा कान वाढतो आणि कानातला साचा सैल होतो, यंत्र शिट्टी मारू लागते, मूल ते काढून फेकते, आई ते जपून कपाटात ठेवते. यंत्रवाटपाचे छायाचित्र वर्तमानपत्रात येते. साचा बदलून देणाऱ्याचे येत नाही, कारण साचा बदलायला बहुधा कोणी येतच नाही.

म्हणूनच मी हातांच्या भाषेच्या बाजूने आग्रहाने बोलतो. आपल्याकडच्या बधिर शाळांनी अनेक दशके ओठ वाचणे आणि उच्चार करणे यांवरच भर दिला, आणि कित्येक ठिकाणी हातांनी बोलणे गैर मानले. त्याचे मूळ परदेशात आहे. 1880 साली मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने सांकेतिक भाषेला शाळेतून हद्दपार करण्याचा ठराव केला. त्या निर्णयाबद्दल खेद व्यक्त व्हायला 2010 उजाडावे लागले, व्हँकुव्हरच्या परिषदेत. मधल्या 130 वर्षांत किती मुले हात बांधून बसवली गेली, त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. भारतीय सांकेतिक भाषा ही पूर्ण भाषा आहे, तिला व्याकरण आहे, 2015 साली दिल्लीत तिच्यासाठी संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र निघाले, 2021 मध्ये दहा हजार शब्दांचा कोश झाला. आईबापांना भीती वाटते की हातांनी बोलायला लागले की मूल तोंडाने बोलायचे नाही. ही भीती खरी आहे, तिची टिंगल करू नये. पण लवकर मिळालेली कोणतीही भाषा दुसऱ्या भाषेला आधारच देते. यंत्राची वाट पाहताना मुलाला भाषेविना ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही, डॉक्टरांनाही नाही.

गावाला सांगण्याची रीत बदलता येते का, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याला इतिहासात उत्तर आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यापाशी मार्थाज व्हिनयार्ड नावाचे बेट आहे. सतराव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तिथल्या काही वस्त्यांत आनुवंशिक बहिरेपण खूप होते. चिलमार्क या गावात दर पंचवीस माणसांत एक बधिर. नोरा ग्रोस या अभ्यासक बाईंनी 1985च्या आपल्या पुस्तकात तिथल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी नोंदवल्या. तिथे ऐकू येणारेही हातांनी बोलत. कोळी नावेतून नावेशी बोलत, शेजारी कुंपणापलीकडे बोलत, बधिर माणसे लग्न करत, जमीन बाळगत, गावच्या सभेत बसत. कोण बधिर होते हे आठवायला म्हाताऱ्यांना मुद्दाम विचार करावा लागे. तिथे ना योजना होती, ना अनुदान. सगळ्या गावाने भाषा शिकून घेतली होती, एवढेच.

चारठाणे म्हणजे ते बेट नाही, हे मला कळते. तिथे घरटी नात्यात बधिर माणूस होता, म्हणून शिकण्याची गरज सगळ्यांना पडली. इथे गावात मोजकी माणसे असतील. पण म्हणून तर गावाने शिकायचे ओझे हलके आहे. पंधरा घरांनी, एका शाळेने, आरोग्य केंद्रातल्या दोन परिचारिकांनी आणि किराणा दुकानदाराने शंभर-दोनशे खुणा शिकल्या तर एका मुलीचे जग घराच्या उंबऱ्याबाहेर सरकते.

त्या मुलीविषयी थोडे थांबून लिहायला हवे. भाषेवाचून वाढलेली बधिर मुलगी आईशी घरगुती खुणांनी बोलते. त्या खुणा आईला कळतात, बहिणीला कळतात, पलीकडच्या गल्लीत कळत नाहीत. तिच्यावर अत्याचार झाला तर? 2013च्या फौजदारी कायद्यातील दुरुस्तीपासून, आणि आता 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही, लैंगिक अत्याचाराची पीडिता दिव्यांग असेल तर तिची तक्रार तिच्या घरी किंवा तिच्या सोयीच्या जागी, दुभाषी किंवा विशेष शिक्षकासमक्ष नोंदवावी आणि त्या नोंदणीचे चित्रीकरण करावे असे आहे. फार चांगली तरतूद आहे. पण शहरातून आणलेला दुभाषी भारतीय सांकेतिक भाषा जाणतो. या मुलीला ती कधी शिकवलीच नाही. मग तिचे म्हणणे सांगायला घरचेच माणूस उरते, आणि कधी कधी गुन्हेगार त्याच घरातला असतो. कायदा दारापर्यंत येतो आणि भाषेअभावी तिथेच उभा राहतो. सप्टेंबर 2023 मध्ये सारा सनी या बधिर वकील सर्वोच्च न्यायालयात सांकेतिक भाषेच्या दुभाष्यासह उभ्या राहिल्या तेव्हा देशाला अभिमान वाटला, तो रास्तच. सौम्या शर्मा यांनी वयाच्या सोळाव्या वर्षी ऐकण्याची शक्ती गमावली, तरी 2017च्या लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत देशात नवव्या आल्या आणि पुढे नागपूर जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकारी झाल्या. पण सौम्या शर्मा यांच्याकडे कान जाण्याआधी सोळा वर्षांची भाषा होती. यशाच्या गोष्टी सांगताना हा फरक आपण गिळून टाकतो आणि मग भाषेविना वाढलेल्या मुलालाही म्हणतो, बघ, तूही होशील.

बहिरेपण टाळता येण्याजोगे किती आहे, तेही गावाने जाणून घेतले पाहिजे. मुलांमधला सुमारे 60 टक्के श्रवणदोष टाळता येण्याजोग्या कारणांनी होतो असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. गरोदरपणात आईला रुबेला झाला तर बाळ बहिरे जन्मू शकते. 27 नोव्हेंबर 2018 पासून महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोठी लसीकरण मोहीम झाली तेव्हा अफवांना घाबरून काही पालक मागे हटले होते, त्यांना हे कोणी नीट सांगितले नव्हते. नवजात बाळाची जास्त कावीळ, मेंदूज्वर, काही इंजेक्शने, नात्यातली लग्ने. आपल्याकडे मामाच्या पोरीशी, काही घरांत सख्ख्या भाचीशी लग्न लावायची रीत आहे, आणि आनुवंशिक बहिरेपण अशा घरांत अधिक उतरते. हे आईला दोषी ठरवण्यासाठी सांगायचे नाही. पुढची सोयरीक जुळवताना माहीत असावे म्हणून सांगायचे आहे. आणि मग कान वाहणे. लेकराचा कान फुटला की लसूण घालून कढवलेले तेल सोडायचे, हा उपाय अजून घरोघर आहे. वाहणाऱ्या कानाच्या पडद्याला भोक असते. तेल आत गेले की जंतू वाढतात. कान कोरडा ठेवणे आणि डॉक्टरांना दाखवणे एवढे वेळेवर झाले तर बहुतेक कान वाचतात. सेलू-मानवतच्या जिनिंगमधले कामगार आणि वरातीतल्या डीजेसमोर नाचणारी पोरे यांच्या कानाची नस मात्र एकदा गेली की परत येत नाही. 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तास सोसता येतो, 100 डेसिबल जेमतेम 20 मिनिटे. मिरवणूक त्याहून कितीतरी लांबते.

म्हाताऱ्यांकडे शेवटी आलो, याबद्दल त्यांनी रागावू नये. त्यांच्याकडे भाषा आहे, अनुभव आहे, आणि अनेकांना वाचताही येते. त्यांना नुसते ओरडून सांगण्याने काही होत नाही. समोर येऊन, तोंड दिसेल असे, सावकाश बोलावे लागते. लिहून दाखवावे लागते. आपण ते करत नाही. 'काही नाही, तुम्ही बसा' म्हणतो. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या मोठ्या कारणांत कमी ऐकू येणे धरले आहे. घराने बोलणे थांबवले की माणूस आतून कसा कमी होत जातो, हे गावातल्या कोणालाही आयोगाशिवाय ठाऊक आहे. शेतीचेही बघा: 2025पूर्वी अतिवृष्टीने पीक गेले तर विम्यासाठी 72 तासांत कळवावे लागे, आणि सगळ्यात सोपा मार्ग म्हणून फोन क्रमांक सांगितला जाई. ज्या शेतकऱ्याला फोनवरचा आवाज कळत नसे, त्याने दुसऱ्याच्या हातापाया पडायचे.

पैशाचे म्हणाल तर तोही प्रश्न वाटतो तेवढा अवघड नाही. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या 5 टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. बहुतेक ठिकाणी ती वर्षाअखेरीस थोडी थोडी वाटून टाकतात आणि घेणाऱ्याला त्यातून किराण्याचा एखादा आठवडा निघतो. त्या घराची गरज मला दिसते, म्हणून ती रक्कम बंद करा असे मी म्हणत नाही. पण त्यातला काही भाग दरवर्षी गावाच्या सांगण्यावर खर्च व्हावा. भोंग्यावर जे सांगितले तेच पंचायतीच्या भिंतीवरच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत आणि गावाच्या व्हॉट्सअॅप गटात चित्रासह. वर्षातल्या चार ग्रामसभांपैकी निदान एकीला सांकेतिक भाषेचा दुभाषी, समक्ष मिळाला नाही तर व्हिडिओ कॉलवर. श्रवणयंत्राचे साचे आणि बॅटऱ्या. आणि माझी सर्वांत जवळची मागणी: जिंतूर किंवा परभणीत बधिर शाळेत शिकलेली, सांकेतिक भाषा येणारी एखादी बधिर तरुणी मानधनावर नेमावी, तिने आठवड्यातून दोन दिवस चारठाण्याच्या अंगणवाडीत बसावे. बधिर लेकरांना तिच्याकडून भाषा मिळेल. शेजारी बसलेली ऐकू येणारी लेकरेही तिच्याकडून ती सहज उचलतील, कारण चार वर्षांच्या मुलाला हात हलवून बोलणे हा खेळ वाटतो. त्या मुलांच्या आया दुपारी न्यायला येतील तेव्हा पोरे त्यांना दहा-वीस शब्द दाखवतील. पुढच्या ग्रामसभेत हा विषय कोणी मांडायचा, तर ज्याला ऐकू येते आणि ज्याचे म्हणणे सभेत ऐकले जाते त्याने.